हद्द कायम

अर्जात लिहिलं होतं : हद्द कायम मोजणी,
मौजे देवबाग, अर्जदार लाडू भिवा चोपडेकर,
क्षेत्र अकरा गुंठे, माड सतरा.
मी पोचलो तेव्हा माड नऊ होते,
दहावा आडवा, मुळं उघडी टाकून.

पश्चिमेचा दगड सापडेना.
पाग टाकताना करतो तसे लाडूने डोळे बारीक केले,
समुद्रात बोट दाखवलं : "थंय. दोन वांव पाण्यात."

मी नकाशा गुंडाळला.
तो म्हणाला, "ल्हार बघा, साहेबानू.
येताना तिरकी येता, जाताना सरळ जाता."
एवढंच.
मी बघत राहिलो.
लाट मूठभर रेव घेऊन तिरपी चढायची,
दम संपला की उताराने सरळ खाली,
मग दुसरी उचलायची तीच मूठ, वीतभर पुढे.
शिंपल्यांचा चुरा, जांभ्याची तांबूस कणी,
मधेच एक काळी चमकती रेघ,
सगळं करवतीच्या दात्यांनी चाललं होतं
संगमाकडे, बिनबोभाट.

संगमाशी कर्लीचं पाणी आडवं येतं.
दोन पाणी एकमेकांना अडवतात
आणि अडलेल्या पाण्याच्या हातून
ओझं सुटतं.
आधी नुसता रंग फिका.
मग अमावास्येच्या सुकतीला उघडी पडते
एक पाठ, होडीएवढी.
मग कधीतरी ती भरतीलाही बुडायची विसरते.
कुर्ल्या बिळं पाडतात.
कोणी न लावता मर्यादवेल येते,
पेरापेराला मुळं सोडत
उडत्या वाळूला दावं लावते.

लाडूने मला होडीतून तिकडे नेलं.
सव्वाशे पावलं भरली. गेल्या साली साठ होती म्हणे.
माझ्या नकाशावर तिथे निळा रंग.
टोकाशी त्याने अंगठा रुतवला :
"ही रेव माझी आसा. थंयसून चलत इली.
थंयचे अकरा गुंठे हयसर मांडा."

मी हसलो. तो हसला नाही.
कणाला गट नंबर नसतो, असं काहीतरी मी बोललो
आणि लगेच लाज वाटली.
पलीकडे कमरेएवढ्या पाण्यात
त्याची बायको द्रौपदी मुळे खणत होती.
तिथूनच ओरडली,
"कोणाची ती मगे ठरवा, आदी टोपली धरा!"
धरली.

कचेरीत येऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
पश्चिमेस अरबी समुद्र. हद्द चालू आहे.

आठवड्याने कागद परत आला,
लाल शाईत एक ओळ :
चालू म्हणजे काय, खुलासा करावा.