निव्वळ

सावदा-फैजपूर रस्त्यावर माझा काटा आहे, साठ टनी.
पाटी रंगवणारा रफार विसरला,
नऊ वर्षं झाली, 'धमकाटा'च आहे.

मे महिन्याच्या दुपारी
भुसावळच्या बँकेतून पाचपांडेबाई आल्या,
तोंडाला स्कार्फ, स्कूटी थेट काट्यावरच लावली.
म्हणाल्या, केळराज फूड्सची विक्री तीन वर्षांत चौपट झाली.
नफाही आहे. कागदावर आहे.
खात्यात त्याची सावलीसुद्धा पडत नाही.

मी चहा सांगितला.
मला ताळेबंद वाचता येत नाही, बाई.
भरलेली गाडी, रिकामी गाडी
आणि वजाबाकी, एवढंच येतं.
त्या वजाबाकीला आम्ही निव्वळ म्हणतो.

खोक्यातून चिठ्ठ्यांची बुकं काढली.
एकतीस मार्च, रात्री आठ ते पावणेबारा :
वेफर्सच्या तेवीस गाड्या.
एरवी दिवसाला तीन.
लीलाधर वाघुळदे स्वतः उभा होता, पेढे वाटत.
मीही खाल्ले दोन.

मग चार एप्रिल.
तीच गाडी, तोच ड्रायव्हर, ताडपत्रीची गाठसुद्धा तीच.
गेली तेव्हा अकरा हजार दोनशे चाळीस,
आली तेव्हा अकरा हजार दोनशे.
चाळीस किलो कमी. तेवढं डिझेल.
"नरडाण्याले गोडाऊनबाहेर उभी व्हती, भाऊ.
माल कोनी उतरवलाच नाही."

बाईंनी पेन उघडलं,
लिहिलं काहीच नाही.

रस्त्यापलीकडे केळीची बाग,
गरम वाऱ्याने पानांच्या चिंध्या झालेल्या.
मी म्हणालो, बागेची उंची काय बघता?
युरिया ओतला की कुठलीही केळ वाढते.
निसवली का, ते विचारा.
निसवली तर घड किती किलोचा,
दांडा वजा करून किती,
आणि व्यापाऱ्याने पैसे दिले,
की नुसती चिठ्ठी दिली?

बोलता बोलता मला जरा चढलंच होतं.

"तुमचं बिल देतात का वेळेवर?" बाईंनी विचारलं.

दुसरी वही काढली.
केळराज : डिसेंबरपासून चारशे ऐंशी काटे,
परत आलेल्या तेवीस गाड्या धरून.
दर साठ.
अठ्ठावीस हजार आठशे.
दर महिन्याला मीच माझ्या हाताने
जमेच्या बाजूला लिहीत आलो.
त्याच भरवशावर लाल आकड्यांचा नवा डिस्प्ले
हप्त्यावर घेतला.
पाडव्याला प्रमिलाला म्हणालो,
यंदा धंदा बरा झाला.

बाईंनी वहीवरची नजर उचलून
चहाच्या कपात ठेवली.
चांगल्या घरच्या असाव्यात.

त्या निघाल्या.
स्कूटी खाली उतरली,
डिस्प्ले शून्यावर यायला हवा होता.
वीस दाखवत राहिला.

माती असेल.
मागे केळीचा ट्रक हॉर्न वाजवत होता,
त्याला हाताने थांब म्हणालो
आणि झाडू घेऊन काट्यावर उतरलो.