एक प्रत घराबाहेर

घणसोलीत मंगळवारी पहाटे ट्रान्सफॉर्मर उडाला,
आणि वीज परतली तेव्हा
जिन्याखालच्या कपाटातली माझी पेटी
स्वतःचं नाव विसरून बसली होती.
पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ:
सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही.

चारही डिस्क धडधाकट.
कपाटाला कान लावला तर घरघर एका लयीत,
आत सगळं जागच्या जागी:
आईने गायलेले सदतीस धवले, मागच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट;
सिडकोची जुनी पत्रं, ताव न् ताव स्कॅन केलेली;
मिठागरावरचा फोटो, ज्यात बाबांचे फक्त पाय आलेत.
गेलं ते नखाएवढं,
पाठीमागे खोचलेला सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह,
ज्यात यातलं काहीच नव्हतं.

त्यात होतं फक्त
कोणती डिस्क पहिली, कोणती तिसरी,
कुणाला कुठलं दार उघडायचं,
रात्री दोनला उठून काय करायचं,
आणि कुलपाचा चौसष्ट अक्षरांचा परवलीचा शब्द.
सामान सगळं घरात,
घर कोणाचं ते सांगणारा तेवढा गेला.

मी काही बेसावध माणूस नाही.
दर रविवारी त्या ड्राइव्हची नक्कल निघते,
आपोआप, तारखेसकट.
निघते आणि जाऊन बसते
त्याच चार डिस्कांवर.
तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून
तीन वर्षं मी निवांत झोपलो.

हे बायकोला सांगितलं नाही.
तिने चहा पुढे सरकवला आणि म्हणाली,
"मोठ्या दादांकडे दिलेला ना एक, गणपतीत?"

दिलेला. नियमच आहे,
एक प्रत घराबाहेर असावी,
आग लागली, पाणी शिरलं, तर.
भांडण झालं तर काय, ते नियमात नाही.

दादूस ऐरोलीला, दिवा गावात.
रिक्षाने वीस मिनिटं.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून बिनसल्यापासून
ती वीस मिनिटं कोणी काढली नव्हती.
शिमग्याच्या रात्रीच मी पेटीतून त्याचं नाव पुसलं.
तीन क्लिक.
"नक्की?" तिने विचारलं होतं.

"आयलास?" एवढंच म्हणाला.
आत गेला. बराच वेळ खुडबुड.
मग सुपारीची डबी, आत कापूस,
कसर लागू नये म्हणून वर एक कापराची वडी,
आणि माझ्याच अक्षरातली पट्टी: बूट, भाद्रपद.
पेन ड्राइव्हला कसर लागत नाही
हे मी त्याला सांगितलं नाही.
"काय हाय त्यात?"
"काही नाही," म्हटलं, "बाकीचं उघडायची अक्कल."

रात्री ती नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवली.
टक्के चढले, एकोणसाठवर अडले,
मी उगाच पंखा बंद केला, चालू केला.
मग पेटी शिंकल्यासारखी एकदा वाजली
आणि उठली,
भाद्रपदातली.
तिला शिमगा ठाऊक नव्हता,
मागचं कवित्वही नाही.
मुलीचं फोल्डर अजून "दहावी",
आणि यादीत माझ्या लगेच खाली
दादूस. सगळी दारं.
वाचणे, लिहिणे, पुसणे.

एकेक करून तिला आजपर्यंत आणली.
दहावीचं अकरावी केलं.
रविवारच्या नकलेला दुसरं घर दिलं.
शेवटी बाण त्याच्या नावावर नेला,
तर तिथला ठिपका हिरवा झाला.

त्याचा फोन. खिशात असल्या असल्या
शिमग्यापासून रोज रात्री ठोठावत होता बहुधा,
त्याच्याही नकळत.
आज दार लागलेलं नव्हतं, म्हणून आत आला,
आणि फोटो उतरू लागले, जुने आधी:
वहिनीचा प्लास्टरमधला हात,
खाडीवरची होडी, नवा रंग दिलेली,
नातीचं बारसं,
ज्याचं आमंत्रण मी फाडलं नव्हतं, पण गेलोही नव्हतो.

एकशे त्र्याण्णव बाकी, पेटी म्हणाली.
बाण तिथेच सोडून
मी जिन्याखालचा दिवा चालू ठेवला
आणि वर गेलो.