कानाडोळा

ग्रिम्सबी. मंगळवार. सकाळचा शेवटचा पेशंट.
मिस्टर ब्लँचर्ड टोपी मांडीवर घेऊन बसलेत.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकलाय
की माझा उजेड दारातूनच परत येतो.
जिथं दिसत नाही तिथं ऐकायचं,
हे माझं काम.

डोळा मिटा, म्हणते. गार लागेल.
पापणीवर जेल, जेलवर प्रोब,
पेन्सिलीसारखा हलका धरलेला.
वर बघा. खाली. आता खिडकीकडे.
पापणीआड बुबुळ फिरतं,
चादरीखाली कूस बदलणाऱ्या मुलासारखं.

आवाज आत जातो, मला न त्यांना ऐकू येणारा,
भिंतीला लागून परततो,
आणि उमटतं एक काळं तळं, राखाडी काठाचं.

चांगला डोळा किलकिला करून ते म्हणतात,
"हे यंत्र ओळखीचं आहे.
एकोणीस वर्षं असंच एक सुकाणूशेजारी होतं.
कागदाची गुंडाळी, त्यावर सुई, जळका वास.
कॉड असला की ढग उमटायचा."

माझं गाव कऱ्हाड. समुद्र मला
या खुर्चीत बसणाऱ्यांकडूनच कळत आलाय.

गेन वाढवते.
ढग नाहीये हा.
पडद्यावर पडदा:
दोन्हीकडून सुटलेला, नसेपाशी तेवढा अडकलेला,
डोळा थांबल्यावरही थोडा वेळ हलत राहणारा.

कधी चमकायचं का आत? विजेसारखं?
"महिनाभर. वाटलं, दीपगृह असेल.
झोपेत मी अजून बोटीवरच असतो."

कानाडोळा केलात, अगदी तोंडाशी आलं.
पण इंग्रजीत कसं सांगू
की आमच्याकडे कान आणि डोळा एकत्र आले
की त्याला दुर्लक्ष म्हणतात,
आणि इथं, या अंधाऱ्या खोलीत,
त्याचाच मला पगार मिळतो.

"काय लागलं जाळ्यात?"
डॉक्टर सांगतील. आजच. थांबा, जाऊ नका.

यावर ते काही विचारत नाहीत.
मी जेल पुसते. भुवईत थोडं राहतंच.
मग म्हणतात, तो कागद मिळेल?
मॉरीनला दाखवतो. चाळीस वर्षं विचारतेय,
तुझ्या डोक्यात चाललंय तरी काय.

पेशंटला प्रिंट द्यायचा नाही, असा नियम आहे.
नियमाकडे मी,
जाऊ दे, शब्द मघाशीच वापरून झाला.

त्यांनी कागद घेतला,
बघितला नाही, नाकाशी नेला.
"वास नाही येत," म्हणाले,
आणि टोपीच्या आत ठेवून दिला.