शीळ

मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
आणि आम्ही कूलर बंद करून ऐकायचो
चिमीच्या छातीतली शीळ.
शेजारीण म्हणाली, पाखरू बसलंय आत.
तीन डॉक्टर म्हणाले, दमा.

चौथ्या खापेकरबाई. त्यांनी विजेच्या बिलामागे
बॉलपेननं काढून दाखवलं:
डाव्या फुप्फुसाची रक्तवाहिनी निघते उजवीकडून,
श्वासनळीच्या मागून घालते वळसा.
आवळते. जन्मापासूनच.

सासऱ्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
चाळीस वर्षं तांडापेठेत माग चालवलेला माणूस.
"धागा मागून गेला म्हणता. पुढून पाहिजे होता."
"हो."
"मंग तोडा, अन् पुढून आणून सांधा.
पण बाई, गाठ नाही लागली पाहिजे हाताला."
त्या हसल्या नाहीत.
"तेच करणार आहे," म्हणाल्या.

सात तास.
रामदासपेठेतल्या त्या जिन्यावर
सासऱ्यांची बोटं मांडीवर सांधत राहिली
नसलेलं सूत.

आता रात्री मी उठून कूलर बंद करते.
काहीच ऐकू येत नाही.
मग तिच्या नाकाखाली बोट धरते,
कोमट लागेपर्यंत.
अंधारातून सासरे:
"लाव ना वं तो कूलर, पोरगी घामेजली."