मधली चित्रं

गोरेगाव पूर्वेला, एका औद्योगिक गाळ्यात
खाली मसाल्याची चक्की, वर आम्ही सोळाजण.
तोक्योहून येतं चित्र क्रमांक एक
आणि चित्र क्रमांक पाच:
मुलगा उभा आहे. मुलगा वळलेला आहे.
वळणं आमच्याकडे.
दोन, तीन, चार मी काढतो,
काचेखाली दिवा, काचेवर कागद,
मध्येच पेन्सिल उचलून शिंकतो,
कारण खाली बेडगी दळायला घेतलेली असते.

पुतणी म्हणते, काका, तू काढतोस ते अ‍ॅनिमे नव्हे.
अ‍ॅनिमे जपानात होतं, जपानी हातांनी.
सोळाची आहे शर्वाणी.
शनिवारी दादरला जाऊन ती भाषा शिकते,
भाकरी मोडण्याआधी हात जोडून
'इतादाकिमास' म्हणते.
वहिनीचं म्हणणं, श्लोक म्हणायला हिला लाज वाटायची.

मग मी दिवसभर काय काढतो गं?
'मेहनत,' ती म्हणाली.

डबा खाताना आमच्यातही हाच वाद.
वसईचा डिमेलो म्हणतो, डोळे मोठे केले की झालं.
सुगंधा म्हणते, डोळे तर आमच्या यमाईचेही मोठे,
चांदीचे, कानापर्यंत,
ती काय तोक्योची?
डिमेलो म्हणतो, मग असं धर,
पैसे पुरेनात म्हणून चित्रं कमी काढली,
आणि त्या थांबण्यावरच जग भाळलं.

मला थांबण्याचं पटतं.
नळ गळतोय. नुसता नळ. सहा सेकंद.
विजेच्या तारा, मागे ढग, कुणी बोलत नाही.
असल्या सहा सेकंदांचे पैसे देणारा
मला या शहरात अजून भेटलेला नाही.
एकदा वाडग्यातल्या नूडल्सवरची वाफ काढायची होती.
मी कुठे खाल्ल्यात त्या?
आईच्या उकडीवरची वाफ आठवून काढली.
पेरूतल्या कुणा पोराला ती पाहून भूक लागली असेल
तर त्यानं कुणाचं खाल्लं,
ते मला सांगता येणार नाही.

शर्वाणीला विचारलं होतं मी,
एवढं काय आहे त्यात?
मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली,
'तिथे मेलेला माणूस
पुढच्या भागातही मेलेलाच असतो.'

दादाचं तेरावं झालं,
चौदाव्या दिवशी कपाट आवरलं.
शर्ट वॉचमनला, चष्मा ट्रस्टला.
मग विषय नाही.
वहिनीनं काढला नाही, मीही नाही.
आणि तिच्या त्या मालिकेत
एकशे बारा भाग झाले, तरी तो पोरगा
बापाच्या सायकलची घंटी वाजवत नाही.
अंगठा नेतो.
मागे घेतो.

मागे घेतलेला अंगठा माझा आहे.
म्हणजे शॉट दोनशे सात, तीन नंबरचं चित्र.
त्यात नख जरा तिरकं गेलं,
दादाचं छापखान्यात चेपलं होतं तसं.
मुद्दाम केलं असं म्हणत नाही.
चूक झाली की तिकडून पिवळा कागद येतो,
वर लाल पेन्सिलीनं सभ्य भाषेत दुरुस्ती.
आठवडाभर वाट पाहिली.
आला नाही.
सेकंदाचा आठवा हिस्सा,
कोण बघतंय.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो,
तर शर्वाणी जागी.
तिनं तिथेच थांबवलं होतं.
मागे नेलं, पुढे आणलं,
पुन्हा तिथेच.
'काका, हे कुठे काढलंय?'
तोक्योला, मी म्हटलं.
'खोटं,' ती म्हणाली
आणि पडद्यावरच्या त्या नखावर
आपला अंगठा ठेवला.

अंगठा लागला
तशी मालिका पुढे सुरू झाली.
चार.
पाच.