दार लावणारी

जुव्यात, सात शिरांच्या भेंडीच्या मळ्यांपल्याड,
मिंगेल पोदेराच्या बंद पडलेल्या घरात
भाड्यानं राहायची सोलांज केर्ब्रा.
वय विचारलं की म्हणायची,
कुठल्या चित्रपटातलं?

चाळीस वर्षांत त्रेसष्ट चित्रपट.
पोस्टरवर नाव एकदाच आलं, तेही एक अक्षर चुकून.
ते तिनं काचेत बसवून न्हाणीघरात टांगलेलं.

मी माशेलचा. देवळातल्या उत्सवी नाटकांचा प्रॉम्प्टर.
सव्वीस वर्षं विंगेत, स्टुलावर,
मांडीवर वही, हातात विजेरी.
माझा आवाज प्रेक्षकांत पोचला
तर नाटक पडलं समजायचं.

फाल्गुनात तिला नाटकाला नेलं.
मराठीचा शब्द कळत नव्हता तिला.
राजा गरजला, राणी रडली,
पुढच्या रांगेतल्या बायांनी नाकं शिंकरली.
ही मात्र बघत होती उजव्या कोपऱ्यात,
पंखा धरून उभ्या दासीकडे:
हळर्णकरांची उमी. तीन अंकांत एकच वाक्य,
‘आज्ञा, महाराणी.’
‘ती ऐकते,’ सोलांज म्हणाली,
‘तुमच्या राणीला नुसतं बोलता येतं.’

दुसऱ्या दिवशी उमीला हे सांगितलं.
तिनं पदराला हात पुसले.
‘भाऊ, मी आठवत होते हो,
निघताना गॅस बंद केला की नाही.’
भीत भीत तेही सोलांजच्या कानावर घातलं,
तर ती हसता हसता पायरीवरच बसली.
‘मग! मीही दुसऱ्यांच्या मरणाला
घरभाड्याचा हिशेब करत उभी असायची.’

रविवारी संध्याकाळी ती डीव्हीडी लावायची.
कधी नर्स, कधी खालच्या मजल्यावरची शेजारीण,
दोनदा प्रेत. (‘प्रेताचे पैसे बरे मिळायचे.’)
नायिका अंथरुणाला खिळली
की उशी सारखी करणारे हात हिचे.
आणि दारं. किती दारं लावली असतील त्या बाईनं!
नायिका पाऊल आपटत निघून जायची,
मागं उरायची ही, कडीवर हात ठेवून,
अर्धा सेकंद. मग कात्री.

‘उघडणं कुणालाही जमतं,’ ती म्हणायची,
‘बाहेर कोण, ही उत्सुकता आयती मिळते.
लावताना, आत जे उरलं
ते तुझ्या खांद्यांत दिसायला हवं.’
मी मान डोलवायचो.
मला कुठं कळायचं! मी वाक्यांचा माणूस.

मेच्या एका रविवारी डीव्हीडी अडकली.
ओरखडा होता, नेमका तिथं:
दार जवळजवळ मिटलेलं,
फटीत तिचा चेहरा, चौतीस वर्षांची असेल,
डोळे अजून आतच.
मी उठलो, सदऱ्याच्या टोकानं पुसतो म्हटलं.
‘राव,’ ती म्हणाली. आमचाच शब्द, आमच्याच तोऱ्यात.
चष्मा शोधला. खुर्ची पुढं ओढली.
खाजनात बेडकं ओरडत होती, पंखा करकरत होता,
आणि पडद्यावर ती हलत नव्हती.
मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.
एवढा वेळ तिच्याकडे कॅमेऱ्यानं
उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

‘हिला माहीत होतं,’ ती शेवटी म्हणाली.
‘कागदावर कुठंच नव्हतं. दिग्दर्शकाला तर नव्हतंच.
पण हिला सगळं माहीत होतं.’
काय, ते मी विचारलं नाही.
मग खरखर झाली, डीव्हीडी पुढं सरकली,
एकदम रस्ता, मोटारी, नायिकेचा स्कार्फ.

जूनच्या आत ती बहिणीकडे गेली, समुद्राच्या गावी.
जाताना न्हाणीघरातली काच मिंगेलच्या सुनेला दिली,
ती डीव्हीडी मला. मी पुसलेली नाही.

यंदा उमीला राणी देऊ केली होती.
नको म्हणाली, पाठांतर फार.

परवा रात्री मी घराचं दार लावत होतो.
आतून बायको ओरडली,
एवढा वेळ काय करताय तिथं?
डास येतायत.