फुली

दुपारी पत्रे तापून वाजत होते,
तांडापेठेत डांबर चपलेला धरत होतं,
आणि बाबांचा डावा पाय थंड.
माठाला हात लागावा तसा.
"काहून बे, असा कसा गार पडला?"
ते पायालाच विचारत होते,
चाळीस वर्षं मागाच्या पावड्या दाबलेल्या पायाला.

आईनं खोबरेल चोळलं.
मी अंगठा दाबला. पांढरा झाला, तसाच राहिला.
मग ऑटो, धंतोली, तिसरा मजला, लिफ्ट बंद.

मोहबे मॅडमनी पावतीच्या मागे चित्र काढलं:
उजव्या जांघेतून नळी वर,
बेंबीखाली वळण घेऊन डाव्या पायात उतरेल.
गुठळीच्या पोटात टोक ठेवायचं,
औषध सोडत राहायचं, रात्रभर.
कापायचं नाही?
आधी विरघळवून बघू.
डोक्याला मार? लकवा? रक्ताची उलटी?
नाही, नाही, नाही. मी सही केली.
खर्रा?
बाबा छताकडे बघू लागले.

पाय हलवायचा नाही, म्हणाल्या.
पायानंच संसार चालवलेल्या माणसाला.

पंपाचा हिरवा आकडा.
दर तासाला सिस्टर उईके येई,
जांघेची पट्टी बघे, रक्त नाही ना,
पावलावर यंत्राची कांडी टेकवून ऐके.
नुसती खरखर,
दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला रेडिओ.

दोनच्या सुमारास बाबा बोलले:
"सूत गुतलं का घाईचा माणूस कापते.
कापलं का गाठ आली, गाठ कापडात दिसते.
ओलं करा लागते. सोडत बसा लागते.
माही माय थुंका लावे."
मग म्हणाले, लघवीचं भांडं दे.

चार वाजून दहा.
सिस्टरनं कांडी टेकवली, थांबली,
बोटभर सरकवली.
फुस्स.
फुस्स.
लांबच्या गल्लीत कुणी एकटाच
उशिरापर्यंत माग चालवत बसावा, तसं.
तिनं खिशातलं बॉलपेन काढलं
आणि जिथं ऐकू आलं तिथं
पावलावर निळी फुली मारली.

सकाळच्या फोटोत
गुडघ्याखाली झाडाला फांद्या आल्या होत्या.
करंगळी काळी ती काळीच. ती जाईल, म्हणाल्या.
बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर न्हाणीत बसले
तर डाव्या पायावर तांब्या ओतू देईनात.
"थांब ना वं,
फुली पुसल्या जाईन."